बूटवाल्याची उमेदवारी

डनेडिन, जुलै १८६७

आदरणीय मेहुणेसाहेब रेव्हरंड गॅव्हिन मोफॅट यांच्या सेवेशी, तुमच्या घराण्याचा समुद्रापलीकडचा जावई इबेनेझर पर्डी याचे अनेक आदरपूर्वक प्रणाम.

तुमचं पत्र आलं. संधिवाताची बोटं आता कशी आहेत? मागच्या खेपेला तुमच्या ओळी कागदाच्या खालच्या कोपऱ्याकडे घसरल्या होत्या, त्यावरून त्रास वाढला असावा असं मी म्हटलं. (आमची धोबीण मिसेस मकिनले म्हणाली की तो संधिवात नसून ब्रँडी असेल. तिच्याकडे लक्ष देऊ नका. तिला सगळ्याच पाद्र्यांचा राग आहे, कारण त्यांचे पांढरे कपडे धुवायला फार साबण लागतो.) आईंना माझा नमस्कार सांगा. तिकडे आता उन्हाळा, त्या अंगणात खुर्ची टाकून बसत असतील. इकडे सकाळी तोंड धुवायच्या पाण्यावरचा बर्फ फोडावा लागतो आणि उरलेला दिवस पाऊस पडतो. माझी प्रकृती उत्तम आहे. इतकी उत्तम की जे लोक सांत्वनाला येतात ते मला बघून जरा नाराजच होतात.

सांत्वन कशाचं, असं तुम्ही विचाराल. मेहुणेसाहेब, मी पार्लमेंटला उभा राहिलो होतो. दार लावून घ्या आणि मग पुढे वाचा, म्हणजे तुमचं हसणं आईंना ऐकू जाणार नाही. दहा वर्षं ज्याने लोकांच्या पायांशी बसून पोट भरलं, तो बूट शिवणारा इबी पर्डी डनेडिन शहराचा उमेदवार म्हणून लाकडी मंचावर चढला. तो कसा चढला आणि कसा उतरला हे दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी माझ्याकडूनच कळावं, म्हणून हा खटाटोप.

झालं असं, की आमचे आधीचे सभासद अचानक आजारी पडले. इथे माणूस पुरेसा श्रीमंत झाला की त्याला इथली हवा मानवेनाशी होते आणि डॉक्टर त्याला मायदेशी जायला सांगतात. (गरिबाला इथली हवा मरेपर्यंत मानवते.) ते गेले, जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली. त्या जागेसाठी मिस्टर लायनेल थॉर्नबरी उभे राहिले. हे गृहस्थ लोकरीचे व्यापारी, टेकडीवर बंगला, आणि टेकडीखालच्या क्रेगच्या घळीतली बहुतेक घरं त्यांच्या मालकीची. माझं दुकान घळीच्या तोंडाशी आहे, म्हणजे थॉर्नबरींच्या हद्दीच्या एक भिंत अलीकडे, त्यामुळे ते माझे घरमालक नाहीत. त्या भिंतीचे उपकार मला पुढे कळले.

घळ तुम्ही पाहिलेली नाही, पण तुमच्या बहिणीने, माझ्या इझबेलने, तिच्याबद्दल लिहिलं असेलच. वर तबेले, त्याच्यावर कसायांचं आवार, आणि तिथून जो ओढा निघतो तोच घळीतून वाहतो. तोच धुण्याचा, तोच भांड्यांचा, तोच चहाचा. इझबेल गेली त्या उन्हाळ्यात त्या पाण्याने घळीतलं जवळजवळ प्रत्येक दार ठोठावलं होतं. तापात पडायच्या आधीही ती माझ्यावर चिडायची. मी रोज संध्याकाळी टेबलावर मूठ आपटून नळाच्या पाण्याबद्दल भाषण द्यायचो आणि ती म्हणायची, "इबी, हे मला कशाला सांगतोस? पाइप काय माझ्या पेटीत आहेत? ज्यांच्याकडे आहेत त्यांना जाऊन सांग, नाहीतर गप्प बसून जेव." मी गप्प बसून जेवत राहिलो. ती गेल्यावर भाषण ऐकायला कोणी उरलं नाही, आणि जेवणही नीट जाईना.

अशात एका सकाळी वॉटी ग्रीव्ह दुकानात आला. वॉटी हा आमचा पाणक्या. टेकडीमागच्या झऱ्याचं चांगलं पाणी पिंपात भरतो आणि ज्यांना परवडतं त्यांना घोडागाडीने घरपोच देतो. त्याच्यामागे घळीतले आठ-दहा बाप्ये टोप्या हातात धरून उभे. त्यांचं म्हणणं, घळीत नळ आला पाहिजे आणि त्यासाठी मी उभं राहिलं पाहिजे, कारण मला वाचता येतं, बोलता येतं आणि माझ्या घरात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी वॉटीला विचारलं, "अरे, नळ आला तर तुझ्या पिंपाचं काय?" तो म्हणाला, "नळ येईपर्यंत मी म्हातारा होऊन मरेन, मालक. सरकारवर माझा तेवढा विश्वास आहे."

आता मी बूट शिवणारा. शहरातला चिखल हाच माझा अन्नदाता. रस्ते कोरडे झाले, गटारं बांधली गेली, तर माझं अर्धं गिऱ्हाईक घरी बसेल. असा माणूस चिखलाविरुद्ध उभा राहतो हे पाहून लोकांना माझ्या प्रामाणिकपणाची खात्री पटेल, असं मला वाटलं. लोकांना माझ्या डोक्याबद्दल शंका आली. पण उभा राहिलो.

नाव सुचवण्याचा दिवस आला. बाजारात लाकडी मंच, वर ताडपत्री, ताडपत्रीत पावसाचं तळं साचून मधोमध पोट सुटलेलं. ते नेमकं माझ्या डोक्यावर. वॉटीने माझं नाव सुचवलं. त्याने भाषण पाठ केलं होतं, ते पहिल्या वाक्यानंतर विसरला, म्हणून तेच वाक्य वेगवेगळ्या आवाजात म्हणत राहिला आणि लोकांना ते फार आवडलं. थॉर्नबरी हातमोजे घालून उभे होते. त्यांनी प्रगतीबद्दल सांगितलं, रेल्वेबद्दल सांगितलं, लोकरीबद्दल तर इतकं सांगितलं की ऐकणाऱ्यांना अंगाला खाज सुटली. कोणीतरी ओरडून विचारलं की पाण्याचं काय. ते म्हणाले, पाणी हा नाजूक विषय आहे आणि नाजूक विषयाला भर बाजारात हात लावू नये.

मग मी उठलो. मी तोंड उघडायच्या आत समोरून मटणाची कचोरी खाणारा एकजण ओरडला, "ए बूटवाल्या! चिखल गेला तर तू खाशील काय?"

मी म्हटलं, "तू खातोयस तेच. फक्त त्यावर माश्या कमी बसतील."

मेहुणेसाहेब, जे हसू उसळलं ना! तेवढ्यात ताडपत्रीचं पोट फुटलं आणि मी डोक्यापासून बुटांपर्यंत भिजलो. भिजलेल्या माणसावर लोक प्रेम करतात. पुढे मी काय बोललो ते मला आठवत नाही. इझबेलचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं होतं आणि घेतलं, एवढं आठवतं. अधिकाऱ्याने हात वर करायला सांगितले. थॉर्नबरींना काही हात मिळाले, सगळे स्वच्छ. माझ्या नावाला जंगल उभं राहिलं. बाया, पोरं, बंदरावरचे खलाशी, ज्यांना मत आहे ते, ज्यांना नाही ते. मिसेस मकिनलेने तर दोन्ही हात वर केले आणि कोणीतरी कुत्र्याचा पंजाही उचलला. वॉटी रडत होता. अधिकारी म्हणाला, हात पाहता मिस्टर पर्डी. थॉर्नबरींनी हातमोज्याचं बटण लावत शांतपणे मतदान मागितलं. तो त्यांचा हक्क होता. हात सगळ्यांना असतात, मत फक्त घर असलेल्या पुरुषाला, मग ते घर भाड्याचं का असेना.

मतदानाच्या आदल्या दुपारी मिस्टर पिम माझ्या दुकानात बुटाची टाच बदलायला आले. हे पिम थॉर्नबरींच्या घरांचं भाडं गोळा करतात. अत्यंत गोड माणूस. प्रत्येक भाडेकरूच्या पोरांची नावं त्यांना पाठ. टाच ठोकून होईपर्यंत ते म्हणाले, "मिस्टर पर्डी, तुमचं भाषण ऐकून मीसुद्धा हेलावलो हो. उद्याची एक रीत तुम्हाला ठाऊक असेलच. सभ्य उमेदवार स्वतःला मत देत नाही. प्रतिस्पर्ध्याला देतो. मिस्टर थॉर्नबरीही तसंच करणार." मला ठाऊक नव्हतं, पण बूट शिवणाऱ्याला रीत ठाऊक नाही असं कशाला दिसू द्या? मी म्हटलं, अर्थात, अर्थात. (टाच मात्र मी चांगली बसवली. तिचा आता मला पश्चात्ताप होतो.)

इकडची मतदानाची पद्धत तुम्हाला सांगायला हवी. टेबलाशी अधिकारी बसतो, शेजारी कारकून. मतदार समोर येतो आणि आपण कोणाला मत देतो ते मोठ्याने सांगतो. कारकून लिहितो. बस. सगळा गाव ऐकतो. मी सकाळी सगळ्यांत आधी गेलो, कारण उत्साह. घळीतली मंडळी दाराशी गोळा झालेली. मी टोपी काढली आणि घळीच्या शेवटच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मिस्टर लायनेल थॉर्नबरी!"

दाराशी एकदम शांतता झाली. ते माझ्या सभ्यपणाने भारावलेत असं मला वाटलं.

काही वेळाने थॉर्नबरी आले. अधिकाऱ्याने विचारलं. ते म्हणाले, "थॉर्नबरी." मी पुढे होऊन रीतीची आठवण करून दिली. ते म्हणाले, "ती मेलबर्नची रीत असेल. मी तिकडे फारसा जात नाही." आणि गेले.

मग घळ मतदानाला आली. मिस्टर पिम थॉर्नबरींचे प्रतिनिधी म्हणून टेबलाच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. त्यांना तसा हक्क असतो. ते कोणाला धमकावत नव्हते, मेहुणेसाहेब, हे मी शपथेवर सांगेन. ते फक्त विचारपूस करत होते. "या या, जेमी. बाळंतीण बरी आहे ना? घरात ऊब आहे ना?" घर हा शब्द ते असा उच्चारायचे, जसा कोणी गरम भांड्याला हळूच हात लावून बघतो. जेमी म्हणाला, थॉर्नबरी. त्याच्यामागचा म्हणाला, थॉर्नबरी. त्याच्या मागच्याला मी लग्नाचे बूट शिवून दिले होते. तो ते घालूनच आला होता, आणि म्हणाला, थॉर्नबरी. एकेक जण यायचा, माझ्याकडे न बघता माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघायचा आणि नाव घ्यायचा. त्या भिंतीकडे इतक्या प्रेमाने त्याआधी कोणी पाहिलं नसेल.

वॉटी आला. पिमनी हसून मान हलवली. "ये वॉटी. थोरलीचा खोकला काय म्हणतो? घर बदलायच्या दिवसांत आजारपण नको बाबा." वॉटीने माझ्याकडे पाहिलं. त्याने एकट्यानेच पाहिलं, एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवतो. तोंड उघडलं. "पर्... पर्..." घाम पुसला. "परवानगी असेल तर, थॉर्नबरी."

माझं नाव सुचवणारा हा!

मी तिथून निघणारच होतो, तेवढ्यात मॅग्नस हॅल्क्रो आला. हा ऑर्कनी बेटांवरचा म्हातारा, जन्मभर जहाजांवर शिडं शिवली, आता ठार बहिरा, घळीत माडीवरच्या खोलीत एकटा राहायचा. पिम म्हणाले, "मॅग्नस, पाय कसे आहेत? जिना चढवतो ना अजून?" मॅग्नसने कानामागे हात धरला. अधिकाऱ्याने विचारलं, मत कोणाला. पुन्हा कानामागे हात. कारकून उठून ओरडला, "मत! मत!"

"पर्डी!" मॅग्नस असा गरजला की बाहेरची घोडी बिथरली.

पिमनी खुर्ची पुढे ओढून जिन्याचा प्रश्न पुन्हा विचारला.

"पर्डी! बूटवाला!"

"आजोबा, एकदाच सांगायचं असतं," अधिकारी म्हणाला.

"अहो, मग हा माणूस पुन्हा पुन्हा का विचारतोय? बहिरा आहे का?"

सगळे हसले. पिमही हसले. मीही हसलो, आणि मग मला तिथे उभं राहवेना.

निकालाचा आकडा मी लिहीत नाही. वरच्या रस्त्यांवर थॉर्नबरींच्या राहणीचा मत्सर करणारे काही लोक आहेत, त्यांनी मला मतं दिली. घळीतून मला एक मत मिळालं, आणि ते लोकांच्या मते कानांच्या दोषामुळे. मंचावरून थॉर्नबरींनी माझ्या मतदानातल्या उमदेपणाचे जाहीर आभार मानले. मग हरलेल्याने बोलायचं असतं. मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुमचे हात पाहिले. आज तुमची तोंडं ऐकली. देवाने दोन्ही एकाच माणसाला का दिली असतील, ते मला कळत नाही." यावर गर्दीतून एक बूट आला आणि माझ्या खांद्याला लागला. उचलून पाहिला तर माझ्याच दुकानातला. टाच झिजली होती, शिवण शाबूत. मी तो घरी नेला, कारण अर्ध्या जोडावर माणूस किती दिवस काढेल? तिसऱ्या दिवशी एकजण लंगडत आला आणि म्हणाला की रस्त्यात कुठे पडला कुणास ठाऊक. मी टाच बदलून दिली.

सोमवारी मॅग्नसला घराबाहेर काढलं. माडीचा जिना धोक्याचा आहे, म्हाताऱ्याला तिथे ठेवणं माणुसकीला धरून नाही, असं पिम म्हणाले. त्याची पेटी, पातेलं, घोंगडं आणि सुया-दोऱ्याची पिशवी पावसात रस्त्यावर. घळीतल्या सगळ्या खिडक्यांत माणसं होती आणि एकाही दारात कोणी नव्हतं. मी आणि मिसेस मकिनले सामान उचलायला लागलो. ती उचलता उचलता खिडक्यांना ऐकू जाईल असं बोलत होती. "मला मत नाही ना! मला असतं तर त्या पिमच्या मांडीवर बसून दिलं असतं! आणि आजपासून ज्याने त्याने आपला सदरा आपण धुवावा, त्या थॉर्नबरीच्या ओढ्यात!" (तिने नवऱ्याचेही सदरे धुणं बंद केलंय. तो आता वाऱ्याची दिशा बघून बसतो.)

तेवढ्यात वॉटीची गाडी येऊन उभी राहिली. पिंप काढून ठेवलेलं. तो खाली उतरला, पेटी उचलली, गाडीत ठेवली. माझ्या दारापर्यंत आल्यावर घोड्याच्या मानेकडे बघत म्हणाला, "मालक, तुम्ही सकाळी सगळ्यांदेखत त्यांचंच नाव घेतलंत. आम्ही म्हटलं, तुम्हालाच आता नको असेल. आम्ही आपलं घर कशावर घालवायचं?"

तेव्हापासून त्याच्यावर रागवायचा प्रयत्न करतोय. दुसऱ्या सगळ्यांवर जमतं, स्वतःवर तर फारच छान जमतं, वॉटीवर येऊन अडतं.

मॅग्नसला मी इझबेलच्या खोलीत जागा दिली. ती खोली मी उघडली नव्हती. त्याने आत जाऊन खिडकी उघडली, तिच्या खुर्चीत बसला आणि माझ्या दुकानातलं जाड कातडं मागून घेऊन शिवायला लागला. त्याचा टाका माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मला दुकान चालवायचं असल्यामुळे मोठ्याने म्हणता येत नाही. काल संध्याकाळी आम्ही ओटची पेज खात होतो. मी पाठमोरा, चुलीतली लाकडं सारत, आपल्याशीच पुटपुटलो, "तू सुखी आहेस बाबा. पिमचं बोलणं तुला ऐकूच आलं नाही."

"आलं की," मागून आवाज आला.

मी वळलो. तो पेज ढवळत होता.

"मग रे?"

"एवीतेवी जिना मोडकाच होता," तो म्हणाला, आणि मीठ मागितलं.

असं आहे, मेहुणेसाहेब. धंदा सध्या जोरात आहे, कारण घळीतला प्रत्येकजण काहीतरी निमित्त काढून बूट घेऊन येतो, न उसवलेलं शिवून मागतो आणि हवेबद्दल बोलतो. लाजेवर चालणारा धंदा मला नको. या शहराने माझं माणूस घेतलं आणि वर मला हसायला लावलं. तुमच्याकडच्या बंदराजवळचं जे दुकान रिकामं आहे असं तुम्ही लिहिलंत, ते माझ्यासाठी धरून ठेवा. वसंतातल्या पहिल्या जहाजाने मी निघतो. मॅग्नसही येईल, त्याला विचारलं तर ऐकू आलं नाही असं दाखवतो, पण येईल. निवडणूक, मंच, ताडपत्री या शब्दांचा उच्चार माझ्यासमोर पुन्हा कोणी करू नये, एवढीच विनंती.

आईंच्या पाया पडतो. तुमच्या बोटांना आराम पडो.

तुमचा,
इबेनेझर

ता. क. वादळामुळे टपालाची आगबोट बंदरातच अडकली आहे, म्हणून हे लिहिता येतंय. मिस्टर थॉर्नबरी वेलिंग्टनला, पार्लमेंटात, पोचलेच नाहीत. लंडनला त्यांचे कोणी काका वारले आणि मालमत्ता यांच्याकडे आली, त्याबरोबर यांना इथली हवा मानवेनाशी झाली. राजीनामा देऊन ते निघाले. घरं पिमच्या ताब्यात आहेत. जागा पुन्हा रिकामी. आज सकाळी वॉटी टोपी हातात धरून दुकानात उभा होता. मी त्याला हाकललं. दुपारी पुन्हा आला, तेव्हा मिसेस मकिनलेने त्याला बसायला स्टूल दिलं, दुकान तिचं असल्यासारखं. तेव्हा बंदरावरचं दुकान दुसऱ्या कोणाला द्या. माझं नाव या खेपेला मॅग्नस सुचवणार आहे. त्याला कोणी मध्येच थांबवू शकणार नाही, थांबवलेलं ऐकू येणार नाही. आणि मत मी स्वतःलाच देणार आहे. माझ्यात सभ्यपणा किती आहे ते एकदा पाहून झालं.

आणखी एक. खरं तर याच्यासाठीच लिहायला बसलो होतो. आईंनी कळवलं की गावच्या चर्चच्या आवारात इझबेलच्या नावाचा दगड तुम्ही बसवलात, आणि त्यावर 'देवाच्या इच्छेने' असं कोरून घेतलंत. दगड चांगला असेल, तुमचा हेतूही चांगलाच. पण तेवढे शब्द छिन्नीने काढून टाका. देवाची इच्छा काय होती ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नसावं. पाणी कुठून येत होतं ते मात्र मला ठाऊक आहे. तिथे 'क्रेगच्या घळीतलं पाणी पिऊन' असं कोरायला सांगा. जागा पुरली नाही, तर 'इबेनेझर पर्डीची प्रिय पत्नी' हे काढलंत तरी चालेल. तेवढं मला इथे दगडाशिवाय आठवतं.